पूर्ण असेल, तर निर्माण का करेल?

(दृश्य: वेरूळ. लेणे क्रमांक ३२, इंद्रसभा.)

वेरूळच्या डोंगराच्या उत्तर टोकाला जैन लेणी आहेत, ३० ते ३४ क्रमांकांची. इथे बाहुबली तपाला उभे आहेत. पायांवर वेली चढल्यात, तरी ते हललेले नाहीत. जैन विचारात आत्मा पूर्णत्वाला पोचतो तो असा, सगळी खटपट थांबवून. जग निर्माण करणारा कोणी ईश्वर या विचारात नाही.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, आचार्य जिनसेनांनी ‘आदिपुराणा’त ईश्वरवाद्यांना अडवलं. तुमचा ईश्वर कृतार्थ आहे ना? मग त्याला जग घडवावंसं का वाटलं? वाटलं, म्हणजे काहीतरी हवं होतं. हवं होतं, तर तो पूर्ण कसला?

हा प्रश्न वेद न मानणाऱ्यांनीच विचारला असंही नाही. कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर कैवारी, पण जगाचा कर्ता त्यांनाही मान्य नव्हता. त्यांचं वचन प्रसिद्ध आहे: ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’. काही हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूससुद्धा कामाला लागत नाही.

(दृश्य: ब्रह्मसूत्रांची पोथी, दुसरा अध्याय.)

ब्रह्मसूत्रांनी, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथानं, ही शंका टाळलेली नाही. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ती आधी मांडली आहे आणि मग उत्तर दिलं आहे: ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’. ही नुसती लीला. शंकराचार्य भाष्यात राजाचं उदाहरण देतात. सगळं मिळालेला राजाही क्रीडा करतो, काही मिळवायचं असतं म्हणून नव्हे. मग ते श्वासाकडे वळतात. श्वास आपण कशासाठी ठरवून घेत नाही, तो चालूच असतो. मला हे दुसरं उदाहरण फार मोलाचं वाटतं. राजाला निदान करमणूक तरी हवी असते. श्वासात तेवढीही इच्छा नाही. पण पुढे आचार्य स्वतःच सांगतात की सृष्टीची ही श्रुतिवचनं, म्हणजे वेदांतली वचनं, अंतिम सत्याबद्दल नाहीतच, ती अविद्येतल्या, म्हणजे अज्ञानातल्या, नामरूपांच्या व्यवहारापुरती आहेत. दिलेलं उत्तरही अखेरचं मानायचं नाही, हा प्रामाणिकपणा विरळा.

खरी अडचण पुढच्या सूत्रात आहे. देव अत्यंत सुखी, पशू अत्यंत दुःखी, माणूस मधे कुठेतरी. असं जग घडवणारा पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? आचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्यांना सारखाच, पण साळीतून साळ उगवते आणि जवातून जव. फरक बीजाचा, म्हणजे ज्याच्या त्याच्या कर्माचा. मग पहिलं कर्म कुठून आलं? संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच.

तर्काला हे पुरतं. पण तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला हे सांगायची माझी तरी छाती होणार नाही. शिवाय ईश्वर कर्माला बांधलेला असेल, तर जिनसेनांचा प्रश्न नव्या तोंडानं परत उभा राहतो: असा बांधलेला ईश्वर पूर्ण कसा?

(दृश्य: कैलास लेणे, वरच्या कड्यावरून.)

याच डोंगरात कैलास लेणं आहे. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं. देऊळ, हत्ती, नंदीमंडप, सगळं एकाच कातळाचं. ज्ञानदेवांची ‘अमृतानुभवा’तली ओवी आहे:

देव देऊळ परिवारू । कीजे कोरूनि डोंगरू ।
तैसा भक्तीचा वेव्हारू । कां न व्हावा ॥

ही ओवी मुळात भक्तीबद्दल आहे. देव आणि भक्त एकच असूनही भक्ती होऊ शकते, एवढंच ती सांगते. मला मात्र ती या प्रश्नालाही लागू वाटते. आतापर्यंतच्या सगळ्या वादात ईश्वर एकीकडे होता आणि जग दुसरीकडे. घडवणारा वेगळा, सोसणारा वेगळा. म्हणूनच एकावर निर्दयपणाचा आरोप करता येत होता. डोंगर एकच असेल, तर मूर्ती कोरल्यानं त्यात काही भर पडत नाही, म्हणजे कोरण्यामागे उणीव शोधायचं कारण राहत नाही. पण ईश्वराची सुटकाही होत नाही. तापलेलं लेकरू त्याच दगडाचं आहे, उशाशी बसलेली आईही. त्यांचं दुःख त्याच्या बाहेर कुठे घडत नाही. मग पूर्ण म्हणजे ज्याला दुःख शिवत नाही तो, ही व्याख्याच सोडून द्यावी लागते. ती सोडायला मी तयार आहे.