'सेट'ची बैठक

मागपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. मला मिळालेल्या पंचवीस मिनिटांतली सहा माझ्या परिचयात गेली. त्यात मला 'भाषातज्ज्ञ' म्हटलं गेलं. तो आरोप मला मान्य नाही, आणि का नाही ते आधी सांगतो.

तरुणपणी मी भाषांतरं करून पोट भरायचो. एकदा एका कंपनीच्या गोंदाचं माहितीपत्रक आलं. त्यात शेवटची सूचना होती, 'अलाउ टु सेट फॉर ट्वेंटीफोर अवर्स.' खिशातल्या कोशात 'सेट'चा पहिला अर्थ 'ठेवणे' असा होता. पहिलाच अर्थ, म्हणजे बरोबरच असणार! मी ठोकून दिलं : '२४ तास ठेवून द्यावे.' काय ठेवून द्यावे, हे मी लिहिलं नव्हतं. महिन्याभरानं कंपनीनं एका गिऱ्हाइकाचं पत्र माझ्यापुढं टाकलं. त्या सज्जनानं ट्यूबचं झाकण काढून ती २४ तास फळीवर ठेवून दिली होती. दुसऱ्या दिवशी ट्यूबचा दगड झालेला. पत्रात शिवीगाळ नव्हती, नुसतं विचारलं होतं : 'ठेवून दिले. पुढे काय करावे?'

हसा, हसा. माझ्या मानधनातून ट्यूबचे पैसे कापले, तेव्हा मीही असाच हसलो होतो! पण मला सांगा, तुमच्यापैकी असं पत्रक शेवटपर्यंत कोण वाचतं? एकही हात नाही. म्हणजे जगात एकच माणूस वाचत होता आणि नेमका तो माझ्या वाट्याला आला.

त्या रागातून मी मोठे कोश चाळायला लागलो. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे चारशे तीसच्या वर अर्थ आहेत आणि नोंद साठेक हजार शब्दांची. अहो, ही कादंबरी झाली! नव्या आवृत्तीत 'रन'नं त्याला मागं टाकलंय, ६४५ अर्थ घेऊन. पळणाऱ्यानं बसलेल्याला गाठलं, दुसरं काय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मुद्दा तर आत्ता कुठे येतोय. असो, भराभर सांगतो.

'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे मुळात त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे चक्क आपलं 'बसवणे'. अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात; इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'च. सापळा आणि गजर मात्र आपण लावतो. सूर्य त्यांच्याकडे बसतो, आपल्याकडे बुडतो. टेनिसचा सेट, गणितातला संच ही मंडळी दुसऱ्याच घरची. लॅटिन 'सेक्टा'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेली, पंथाला म्हणतात त्या 'सेक्ट'ची भावंडं. उच्चार एक झाला आणि दोन्ही कुटुंबं एकाच छपराखाली नांदायला लागली. 'अप', 'ऑफ', 'आउट' वगैरे शेपट्यांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं.

हो, हो, संपवतो. गोंदाचं तेवढं सांगू द्या. गोंदही बसतोच, म्हणजे जागा धरतो, हलेनासा होतो. त्या पत्रकात मी एवढंच लिहायला हवं होतं : 'जोड २४ तास हलवू नये.'