चंदेरी पानांचा रशियन सेज

नमस्कार श्रोतेहो. बागेत एखादं झाड मलूल दिसलं की आपला हात आपोआप झारीकडे जातो. रशियन सेजच्या बाबतीत मात्र तो हात आवरायला हवा. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

कंबरेएवढं, कधी छातीपर्यंत वाढणारं हे बहुवर्षायू झुडूप. फांद्या पांढुरक्या, पानं चंदेरी आणि भर उन्हाळ्यापासून शरदापर्यंत जांभळट निळ्या फुलांचे मोकळे तुरे. ते तुळशीच्या कुळातलं, म्हणून फांदी बोटांना चौकोनी लागते आणि पान चुरगळलं की उग्र, औषधी वास येतो. रशियाचं नाव त्याला चिकटलं ते पेरोव्स्की नावाच्या रशियन सेनापतीमुळे. त्याच्या सन्मानार्थ 1841 मध्ये या वनस्पतीच्या प्रजातीला पेरोव्स्किया हे नाव मिळालं. झाड मूळचं अफगाणिस्तान, बलुचिस्तान आणि त्या पट्ट्यातल्या कोरड्या, दगडाळ उतारांवरचं. 2017 साली शास्त्रज्ञांनी त्याला साल्व्हिया या प्रजातीत घेतलं. तेव्हा रोपवाटिकेत एका पाटीवर पेरोव्स्किया आणि दुसरीवर साल्व्हिया यांगी दिसलं, तर गोंधळू नका, रोप तेच आहे.

आता याचं पान भिंगाखाली धरा. खाली हिरवंच पान आहे, वर पांढऱ्या लवेचं दाट आवरण. ही लव ऊन परतवते आणि पानाला लागून हवेचा एक स्थिर थर राखते, त्यामुळे पानातलं पाणी कमी उडतं. पानावर पाण्याचा थेंब चोळून बघा. लवेतली हवा निघून जाते आणि तेवढा भाग हिरवट दिसू लागतो. वाळला की परत चंदेरी. ज्या झाडानं पाणी वाचवायला एवढी तयारी केली आहे, त्याला आपण रोज पाणी घालत राहिलो तर ते कुजणारच.

या झाडाला थंडी मारत नाही. उणे 20 अंशही ते सोसतं. मारतो तो मुळाशी साचलेला ओलावा, विशेषतः थंडीतला. म्हणून लावताना सगळं लक्ष निचऱ्याकडे द्या. माती चिकण असेल तर वीतभर उंच वाफा करा आणि त्यात बारीक खडी किंवा जाडी वाळू सढळ हातानं मिसळा. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत फार रुळली आहे, पण तिचा उपयोग नाही. पाणी त्या थराच्या वरच्या मातीत अडून राहतं. खडी सगळ्या मातीत मिसळलेलीच हवी. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याऐवजी खडी पसरा. दोन रोपांत दोन-तीन फूट अंतर सोडा. सुरुवातीला उघडं-बोडकं वाटेल, पण ते भरून येतं.

पहिल्या वर्षी मुळं धरेपर्यंत पाणी लागतंच. ते रोज थोडंथोडं देऊ नका. एकदा खोलवर द्या, आणि माती बोटभर खाली कोरडी झाल्यावरच पुन्हा. नंतर जमिनीतल्या झाडाला फक्त लांबलेल्या कोरड्या दिवसांत द्यावं लागतं. कुंडीतल्याकडे अर्थात थोडं जास्त लक्ष हवं.

खताचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की फांद्या लांब आणि मऊ होतात आणि बहराच्या भारानं आडव्या पडतात. सावलीतही हेच होतं. दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन देता येत नसेल, तर हे झाड लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. काठ्यांना बांधलेला रशियन सेज बघवत नाही. जागाच लहान असेल तर ‘लिटल स्पायर’ ही बुटकी जात घ्या.

छाटणीबद्दल मात्र कठोर व्हा. बहर नव्या फुटीवर येतो. शरदात कात्री लावू नका, पांढऱ्या फांद्या हिवाळाभर उभ्या राहू द्या, त्या देखण्याही दिसतात. वसंताच्या तोंडावर बुडाशी कोंब फुगलेले दिसले की सगळं झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर कापा. जीव खालीवर होतो, पण न कापलेलं झाड काही वर्षांत खाली लाकूडच लाकूड आणि वर चार तुरे असं होऊन बसतं.

फुलं जवळून पाहायची तर ऊन चढल्यावर जा, मधमाश्यांची वर्दळ असते. फूल इवलंसं, दोन ओठांचं. ते गळलं तरी त्याच्या बुडाची नळी जांभळ्या लवेनं भरलेली असते आणि तुऱ्यावर टिकून राहते. बहर संपल्यानंतरही तुरा रंगीत दिसतो तो तिच्यामुळे. म्हणून तुरे घाईनं खुडू नका.

नवी रोपं फांदीपासून सहज होतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, बहर यायच्या आधी, चार बोटं लांबीचे कोवळे शेंडे पेराखाली कापा, खालची पानं काढा आणि निम्म्याहून अधिक वाळू असलेल्या मातीत खोचा. जुन्या झाडाभोवती कधीकधी मुळांपासून फुटवे येतात. तेही मुळासकट उचलून दुसरीकडे लावता येतात.