मुठेचं पाणी, दुसऱ्यांदा

(पर्वती जलकेंद्र, सकाळ)

काचेची सहा भांडी. सगळ्यांत खडकवासल्याचं गढूळ पाणी, तुरटीचा डोस मात्र प्रत्येकात वेगळा. पाती आधी जोरात फिरतात, मग सावकाश. बघता बघता मातीचे कण एकमेकांना चिकटतात, पिंजलेल्या कापसासारखे पुंजके होऊन तळाशी बसतात. ज्या भांड्यात पाणी सगळ्यात नितळ, तो डोस पक्का. घाटात पाऊस कोसळला की हे गणित पुन्हा मांडायचं.

पुढे वाळूचे थर, मग क्लोरीन. नळाला येताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. वाटेत कुठे पाइप गळत असेल, तर राखणीला तेवढंच.

'पुण्याचं पाणी' म्हणून आपण मिरवतो ते हे. बेसिनमध्ये ओतलं की आपली गोष्ट संपते.

(बंडगार्डन बंधारा)

पाण्याची संपत नाही. इथे जलपर्णी इतकी दाट, की बगळा तिच्यावरून चालत जातो. बंधाऱ्याखाली पांढरा फेस. वास कॅमेऱ्यात येत नाही, बरंच आहे.

(मुंढवा)

या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून बेबी कालव्यात सोडतात. ठरलंय वर्षाला साडेसहा टीएमसी, म्हणजे साडेसहा अब्ज घनफूट. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या पट्ट्यातल्या शेतीसाठी. धरणाचं पाणी तेवढं वाचावं, हा हिशेब. आणि हिशेब चुकीचा नाही.

पण कालवा पाझरतो, आणि काठाला विहिरी असतात. उसाला चालणारं पाणी माणसाला चालेलच असं नाही. उकळून जंतू मरतात. सांडपाण्यातून उतरलेलं नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची पिण्यासाठीची मर्यादा. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते सगळ्यात घातक. आणि नायट्रेटला ना रंग, ना वास. विहिरीत डोकावून काय कळणार? नमुना तपासायलाच हवा.

(यवतचा रस्ता, आषाढीच्या आधी)

जे उचललं नाही ते नदीतून पुढे जातं. रांजणगाव सांडसला भीमेत, भीमेतून उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर पितं.

तुकोबांची पालखी पुण्याहून निघते ती याच लोणी काळभोर, यवतवरून. वारकरी रस्त्याने, पाणी नदीने. पंढरपुरात भीमेची चंद्रभागा होते. वारकरी गुडघाभर पाण्यात उतरतो, ओंजळ भरतो आणि ओठांना लावतो.