वय किती या धर्माचं?

नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिला तो ‘युरोपातले आधुनिक पेगन’, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीचे तिथले जुने धर्म आज पाळू पाहणारे लोक. तासाभरात अख्खा युरोप फिरवून आणायचा म्हणजे विश्वकोशातली नोंद वाचून दाखवणं. ते मी करणार नाही. मी एकाच देशाबद्दल बोलणार आहे, लिथुआनियाबद्दल. कामाच्या निमित्तानं काही वर्षं मी विल्नियसला राहिलो. तिथला ख्रिस्तपूर्व धर्म पुन्हा जागवणाऱ्या ‘रोमुवा’ या पंथाच्या लोकांशी ओळख झाली, त्यांच्या सणांना जाणं-येणं झालं. १२ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या संसदेनं, म्हणजे सेइमासनं, रोमुवाला राज्यमान्यता दिली. त्यासाठी हे लोक किती झगडले आणि त्यांच्याविरुद्ध कोणते मुद्दे मांडले गेले, ते ऐकण्यासारखं आहे.

आधी कायदा. १९९५ साली लिथुआनियानं धार्मिक समुदायांचा कायदा केला. त्यात नऊ ‘पारंपरिक’ समुदायांची यादी आहे. कॅथलिक, ग्रीक कॅथलिक, दोन प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, त्यांच्यातून फुटून जुन्या रीती धरून राहिलेले ओल्ड बिलीव्हर्स, ज्यू, सुन्नी मुस्लिम आणि ज्यू धर्माशी नातं असलेले कराइम. सुन्नी मुस्लिम कसे, असं तुम्हाला वाटलं असेल. ते तातार, मध्ययुगापासून तिथं राहतात. यादी उदार आहे, यात शंका नाही. पण १३८७ पर्यंत ज्या देशाचे राजे अग्नीपुढे आणि मेघगर्जनेच्या देवापुढे, पेर्कूनासपुढे, नतमस्तक होत होते, त्या देशाचा तो जुना धर्म मात्र यादीत नाही. लिथुआनिया हा युरोपात सर्वांत शेवटी ख्रिस्ती झालेला देश. झेमाइतिया हा त्याचा पश्चिमेकडचा भाग तर १४१३ साली झाला.

यादीत नसलेल्यांसाठी कायद्यात दुसरा दरवाजा आहे. समुदाय म्हणून नोंदणी करा, २५ वर्षं थांबा, मग संसदेकडे मान्यता मागा. बाप्टिस्टांना अशी मान्यता मिळाली. ती मिळाली की तुमच्या पद्धतीनं लागलेलं लग्न कायदेशीर ठरतं, शाळेत तुमचा धर्म शिकवता येतो, आणखी काही सवलती मिळतात. रोमुवाची नोंदणी १९९२ ची. २५ वर्षं पुरी झाल्यावर २०१७ साली त्यांनी अर्ज केला. न्याय मंत्रालयानं तपासून सांगितलं की अटी पूर्ण होतात. जून २०१९ मध्ये सेइमासमध्ये ठराव मतदानाला आला आणि पडला. मतदानाआधी कॅथलिक बिशपांनी विरोधाचं पत्र पाठवलेलं होतं.

विरोधकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: हा धर्मच नव्हे, ही लोककला आहे. आणि जुना तर अजिबात नाही, विसाव्या शतकात कुणीतरी जुळवून आणलेला प्रकार आहे.

यातल्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि रोमुवाच्या प्रेमापोटी ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चौदाव्या शतकातले पुजारी आणि आजचे पुजारी यांच्यामध्ये अखंड गुरुपरंपरा नाही. राहिली ती गाणी. ‘दाइनोस’ म्हणतात त्यांना. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांसारखी ही बायकांनी जपलेली गाणी. त्यात सूर्य बाई असते, चंद्र तिचा नवरा, आणि तो बाहेरख्याली निघाला म्हणून पेर्कूनास त्याला तलवारीनं दुभंगतो. राहिली पितरांच्या स्मरणाची रात्र, चुलीतल्या अग्नीची, गाबियाची, काळजी घ्यायची रीत, आणि जूनमधला रासोसचा सण. चर्चनं त्याला संत जॉनचं नाव दिलं, तरी शेकोट्या पेटतच राहिल्या. याला धर्म म्हणायचं का? रोमुवातले लोकही याबाबतीत एकमुखी नाहीत. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, ‘देवांवर माझा विश्वास आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण गाण्यांवर आहे.’ त्यांची सून शेजारीच उभी होती. तिला हे मुळीच पटलं नाही. तिच्या लेखी झेमिना, म्हणजे पृथ्वी, ही खरीखुरी देवी होती आणि भाकरीचा तुकडा खाली पडला की उचलून त्याचा मुका घ्यायचा, हे तिचं रोजचं आचरण होतं.

आता जुळवाजुळवीकडे वळू, कारण मला खरा रस तिथं आहे. विदूनास नावाचा एक लेखक होऊन गेला. जन्म १८६८, मृत्यू १९५३. राहायचा तिल्झितला, तेव्हाच्या जर्मन पूर्व प्रशियात. गायकवृंद चालवायचा, नाटकं लिहायचा, शाकाहारी होता, आणि नेमुनास नदीकाठच्या राम्बिनास टेकडीवर उत्सव भरवायचा. जुन्या बाल्टिक, म्हणजे लिथुआनिया आणि आसपासच्या भागातल्या, धर्माबद्दल आदरानं बोलायला लिथुआनियन सुशिक्षितांना ज्यांनी शिकवलं, त्यांत त्याचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागतं. हा विदूनास थिऑसॉफिस्ट होता, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच ज्ञान आहे असं मानणाऱ्या थिऑसॉफी चळवळीतला. भगवद्गीता त्यानं लिथुआनियन भाषेत आणली. आणि थिऑसॉफीवाल्यांचा हिंदुस्थानातला पहिला मुक्काम कुठं होता? मद्रासचं अड्यार नंतरचं, १८८२ चं. त्याआधी १८७९ मध्ये मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले ते गिरगावात राहिले. त्यांचं मासिकही त्याच वर्षी मुंबईतून सुरू झालं. म्हणजे लिथुआनियाच्या ‘अस्सल, मातीतल्या’ धर्माच्या पुनरुज्जीवनात एक धागा गिरगावातून गेलेला आहे. मला याचा आनंद होतो, हे कबूल करतो. गिरगावकर श्रोत्यांनी फार फुगून जाऊ नये एवढंच.

दुसरा प्रभाव मारिया गिंबुतास यांचा. विल्नियसमध्ये जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत गेलेल्या या पुरातत्त्वज्ञ. प्राचीन युरोपात देवीप्रधान संस्कृती होती हा त्यांचा सिद्धान्त. त्यांच्या व्यवसायातल्या अनेकांना तो मान्य नाही, आणि मला तरी तो पुराव्यापेक्षा बराच पुढे धावलेला वाटतो. पण जगभरच्या पेगनांना त्यानं जी ऊर्जा दिली ती नाकारता येत नाही.

तिसरी गोष्ट, सोव्हिएत राजवट. १९६७ च्या उन्हाळ्यात कर्नावे या जुन्या राजधानीच्या टेकड्यांवर काही तरुणांनी उघडपणे रासोस साजरा केला. त्यांच्यात योनास त्रिंकूनास होते. लोकगीतं गोळा करणारी मंडळी म्हणून सुरुवातीला कुणी अडवलं नाही. मग केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या, लक्षात आलं की गाण्यांच्या आडून राष्ट्रभावना जागी होते आहे. चळवळ दडपली गेली, आणि १९७३ मध्ये त्रिंकूनास यांना विल्नियस विद्यापीठातून काढून टाकलं. लोककला म्हणून तेव्हा चालून जात होतं, धर्म म्हणून चाललं नसतं. आणि २०१९ च्या संसदेत त्याच लोकांना ऐकवलं गेलं की तुमची तर लोककलाच!

पुढे त्रिंकूनास रोमुवाचे क्रिविस, म्हणजे मुख्य पुजारी झाले. २०१४ साली ते वारले आणि त्यांच्या पत्नी इनिया त्रिंकूनिएने यांची त्या जागी निवड झाली. त्या पदावर बसलेली ही पहिली स्त्री. लांबलचक दाइनोस ठाय लयीत, एकमेकांत गुंफून गाणारा ‘कुल्ग्रिंदा’ हा त्यांचा गायनसमूह. माझा सल्ला विचाराल तर पुस्तकांच्या आधी तो ऐका.

असो. ठराव पडल्यावर रोमुवावाले स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. ८ जून २०२१ चा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. निकालाचा गाभा असा की राज्यसंस्थेनं धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायला हवं. कायद्याच्या अटी पूर्ण झालेल्या असताना, या श्रद्धा कितपत खऱ्या किंवा योग्य, हे ठरवणं खासदारांचं काम नव्हे. तरीही प्रत्यक्ष मान्यतेला आणखी साडेतीन वर्षं लागली.

माझं मत याच ठिकाणी बनलं. धर्माचं वय विचारणं हा इतिहासकाराचा हक्क आहे, सरकारचा नाही. ब्रिटनमध्ये विक्का या आधुनिक पेगन, जादूटोणा मानणाऱ्या पंथाचे जेराल्ड गार्डनर उघडपणे पुस्तकं लिहू लागले ते १९५१ साली जादूटोण्याचा १७३५ चा कायदा रद्द झाल्यानंतर. आपला पंथ पाषाणयुगापासून चालत आलाय असं ते मानायचे. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी तो दावा साधार मोडीत काढला. पण त्यामुळे पंथ बुडाला का? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःला पेगन म्हणवलं. आइसलंडमध्ये तर १९७२ साली स्थापन झालेल्या पेगन संघटनेला १९७३ मध्येच मान्यता मिळाली. तिथं २५ वर्षांची अट घालावी असं कुणाला वाटलं नसावं.

भारताचा विषय निघाला की लिथुआनियात एक अडचण होते, तीही सांगतो. त्रिंकूनास यांना भारताचं विलक्षण आकर्षण होतं. २००३ मध्ये मुंबईत जगभरच्या प्राचीन परंपरांच्या ज्येष्ठांचा मेळावा भरला, तेव्हापासून इथल्या संघटनांशी या मंडळींचे संबंध वाढले. स्नेह चांगलाच. पण ‘तुम्ही मूळचे हिंदूच’ असं आपल्यापैकी कुणीतरी प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणतो, आणि समोरचा लिथुआनियन सभ्यपणे हसतो. त्या हसण्याचा अर्थ मला कळायला लागल्यापासून मी ते वाक्य टाळतो. शतकानुशतकं जर्मन, पोलिश, रशियन यांच्याकडून ‘तुम्ही मूळचे कोण’ हे ऐकलेल्या लोकांना आणखी एक मालक नको असतो. बाकी संस्कृत-लिथुआनियन शब्दसाम्यांची यादी मी आज आणलेली नाही. ज्यांना हवी त्यांनी नंतर चहाच्या वेळी गाठावं.

आता मान्यता मिळाली, तर पुढे काय? २००१ च्या जनगणनेत या श्रद्धेचे १,२७० लोक होते, २०११ मध्ये ५,११८. एवढ्याशा समुदायाला शाळेत शिकवण्यासाठी शिक्षक लागतील, अभ्यासक्रम लागेल. आणि अभ्यासक्रम म्हटला की ‘झेमिना कोण’ याचं एकच उत्तर छापावं लागतं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं छापायचं की त्यांच्या सुनेचं, यावर तिथं आताच वाद सुरू झाले असतील, असा माझा अंदाज आहे. लग्नांचं मात्र सोपं झालं. इतकी वर्षं अग्निवेदीपुढे लग्न लावून वर पुन्हा सरकारी कचेरीत सही करायला जावं लागायचं. ती दुसरी खेप आता वाचेल.