गहू येतोय कुठून?

(दृश्य : सकाळ. गिरणीचं शटर वर जातं. दारात पत्र्याच्या डब्यांची रांग.)

सांगली जिल्ह्यातला पलूस तालुका, कृष्णाकाठचं गाव. गिरणीपुढं डब्यांची रांग लागलीय. निळ्या झाकणाच्या डब्यात शाळू, म्हणजे ज्वारी आहे, त्याच्या मागच्या-पुढच्या डब्यांत गहू. गिरणीवाले एक डबा ओततात, पीठ पडून झालं की कापडी नळी झटकतात आणि पुढचा डबा घेतात. दळण वर्षानुवर्षं असंच चाललंय, त्यात कुणाची चूक नाही.

निळ्या झाकणाचा डबा ज्या घरचा, त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीचा गहू बंद होऊन सहा महिने झाले होते. चपाती नाही, बिस्किट नाही, शेवया नाहीत. तरी तिच्या रक्ताच्या तपासणीतला एक आकडा उतरायला हवा तेवढा उतरत नव्हता. ताटात गहू नव्हता, पण पोटात जात होता. कुठून, ही या घराच्या शोधाची गोष्ट. घरच्यांची इच्छा म्हणून आम्ही कुणाचंच नाव घेत नाही.

(दृश्य : सोपा. मुलगी दप्तर भरतेय. भिंतीवर उंचीच्या पेन्सिलच्या रेघा.)

या रेघा नीट पाहा. खालच्या रेघा एकमेकींपासून लांब आहेत, वर जाल तशा त्या जवळ येतात आणि मग जवळजवळ एकमेकींवरच पडतात. दुसरीपासून तिची उंची थांबली. हातपाय काटकुळे, पोट फुगलेलं. जंताचं औषध झालं, लोहाच्या बाटल्या झाल्या. हिमोग्लोबिन थोडं चढायचं, पुन्हा खाली यायचं. आजीनं दृष्ट काढली. ‘पोरगी नीट जेवत नाही,’ असं जो येईल तो आईलाच ऐकवून जायचा.

मिरजेच्या एका बालरोगतज्ज्ञांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. इतकं लोह पोटात जातंय, तर ते रक्तात का पोचत नाही? आधी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी झाली. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले बारीक तुकडे काढून तपासले. निदान झालं, सीलिअक आजार.

(दृश्य : परात. आई कणकेचा गोळा पाण्याखाली चोळतेय.)

ही कणीक तिनं फक्त आम्हाला दाखवायला मळलीय. पाणी पांढरं होऊन वाहून जातं, ते पिठातलं स्टार्च. हातात उरतो रबरासारखा चिवट गोळा, हे ग्लूटेन. चपातीला पदर सुटतात, पाव फुगतो, ते याच्या जोरावर. गव्हासारखीच प्रथिनं जवात म्हणजे सातूत आणि राय या धान्यातही असतात.

ग्लूटेनमध्ये प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि तिथं आपल्या पाचकरसांची कात्री नीट चालत नाही. म्हणून ते पूर्ण पचत नाही, कुणाच्याच पोटात. काही लांब तुकडे तसेच उरतात. त्यातला 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा शास्त्रज्ञांनी 2002 साली ओळखून दाखवला. बहुतेकांच्या पोटातून हे तुकडे निमूट पुढं निघून जातात.

या मुलीच्या पोटात ते आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम असतं. एरवी ते जखमा भरून यायला मदत करतं. ते या तुकड्यांमध्ये एक छोटा रासायनिक बदल करतं. तिच्या पेशींवर जन्मापासून एचएलए डीक्यू 2 नावाचा साचा आहे आणि बदललेला तुकडा त्यात घट्ट बसतो. टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, तो पाहतात आणि शत्रू आला असं समजून लढाई सुरू करतात. अँटिबॉडी तयार होतात त्या ग्लूटेनविरुद्ध, आणि सोबत त्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धही, जे तिच्या स्वतःच्या शरीराचं आहे. म्हणून हा स्वयंप्रतिकार आजार. टीटीजीच्या तपासणीत मोजतात त्या याच अँटिबॉडी, आणि उतरत नव्हता तो आकडा त्यांचाच.

निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्न शोषलं जातं ते त्या लवेतून. लढाईत ही लव झडते आणि आतडं सपाट होत जातं. मग लोहाची बाटली कितीही चांगली असली तरी ते लोह शोषणार कोण?

तो साचा, म्हणजे डीक्यू 2 किंवा त्याचा भाऊ डीक्यू 8, जगात सुमारे तीस ते चाळीस टक्के लोकांकडे असतो. आजार होतो शंभरात साधारण एकाला. भारतात तो उत्तरेत जास्त आढळतो, दक्षिणेत खूपच कमी. आपला सांगली-सातारा भाकरीचा. माण, खटाव, जत, आटपाडी इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गव्हाची चपाती सणाला व्हायची म्हणून सांगतील. आता पोरांचा दिवस चहा-बिस्किटानं उजाडतो आणि शाळेच्या डब्यात चपाती असते.

(दृश्य : बर्फाळ रस्ते, रिकामी बेकरी. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

गव्हावर संशय पहिल्यांदा पक्का केला तो नेदरलँड्सच्या विलम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. 1944-45 चा हिवाळा, दुसरं महायुद्ध. पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगत होते. अशा उपासमारीत डिके यांचे सीलिअकचे बालरुग्ण मात्र सुधारू लागले. पाव परत आला तशी मुलं पुन्हा आजारी पडली. त्यांच्या मनात ही शंका युद्धाच्या आधीपासूनच होती. 1950 साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. स्वयंप्रतिकार आजार पुष्कळ आहेत, पण ज्याला चेतवणारा पदार्थ इतका नेमका सापडलाय आणि तो ताटातून काढता येतो, असा दुसरा आजार दाखवणं अवघड आहे.

(दृश्य : स्वयंपाकघर. फळीवरचे डबे एकेक करून खाली येतात.)

काढता येतो म्हटलं, पण काढून बघा. सहा महिन्यांच्या त्या रिपोर्टनंतर आईनं फळीवरचा एकेक डबा खाली घेतला.

हिंग. बाजारातल्या पुष्कळ बांधानी हिंगात मैदा असतो. म्हणजे आमटीच्या फोडणीतून रोज गहू. घरच्या भडंगातही तोच हिंग.

खपली. हे मी जरा थांबून सांगतो, कारण आपल्या भागात हा गैरसमज मनापासून मानला जातो. खपली गहू कृष्णाकाठचा मानाचा गहू, त्याची हुग्गी म्हणजे लग्नाची पंगत. ‘खपली बाधत नाही, जुनं धान्य आहे,’ असं एका नातेवाइकांनी प्रेमानं सांगितलं आणि पोरीला दोन वेळा खीर वाढली. खपलीत गुणसूत्रं 28 असतात, साध्या गव्हात 42. फरक खरा आहे. पण ग्लूटेन खपलीतही आहे, आणि सीलिअकच्या रुग्णाला ते तितकंच वर्ज्य.

प्रसाद. आजी कॅमेऱ्यासमोर स्वतःहून बोलल्या, “सत्यनारायणाचा परसाद हुता. म्या म्हटलं, एवढ्याशानं काय हुतंय? द्येवाचं नगं कसं म्हणायचं?” बोलताना त्यांचे डोळे भरून आले.

आणि दळण. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणं ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागं 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. किलोभर शाळूच्या पिठात गव्हाचं एकच ग्रॅम पीठ मिसळलं, तरी ही मर्यादा चौपट ओलांडली जाते. गिरणीच्या दगडात, नळीत, हवेत किती ग्रॅम असेल? आजारी पोरीला बरी करणारी भाकरी रोज गहू घेऊनच घरी येत होती.

(दृश्य : कोपऱ्यात नवी घरघंटी. झाकणावर मुलीच्या अक्षरात ‘फक्त जोंधळा’.)

हप्त्यावर घरघंटी आली. तवा वेगळा झाला, परात वेगळी झाली. आजी प्रसादाचा शिरा आता तांदळाच्या रव्याचा करतात, सगळ्यांसाठीच.

हे पाहून कुणी उद्यापासून घरातला गहू बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजार नसलेल्याच्या रोगप्रतिकारशक्तीला ग्लूटेन सोडून काही मिळतं, असा भक्कम पुरावा नाही. ते सोडलं की थायरॉइड किंवा संधिवात बरा होतो, असं ठामपणे सांगणाऱ्यांकडेही तो नाही. टाइप 1 मधुमेह आणि स्वयंप्रतिकार थायरॉइड असलेल्यांमध्ये सीलिअक जास्त आढळतो, म्हणून त्यांनी तपासून घ्यावं, एवढं खरं. आणि तपासणीआधी गहू सोडायचा नाही. सोडला तर अँटिबॉडी उतरतात, लव भरून येऊ लागते आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

(दृश्य : भिंत. नवी रेघ. जुन्या रेघेपासून चार बोटं वर.)

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. रुग्णाचे आईवडील आणि सख्खी भावंडं यांनाही हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. भावाचा रिपोर्ट नॉर्मल आला. पण आज नसलेला आजार पुढं होऊ शकतो, म्हणून त्याला पुन्हा तपासणीला बोलावलंय. वडिलांचाही नॉर्मल.

आईनं स्वतःची तपासणी शेवटी केली, तीही डॉक्टर मागं लागले म्हणून. लग्न झाल्यापासून तिला रक्त कमी आहे. गिरणीपर्यंत डबा नेताना ती वाटेत पारावर टेकायची. बाईमाणसाला रक्त कमी असायचंच, असं सासरी-माहेरी सगळे म्हणत आले, तीही म्हणायची. तिची टीटीजी लेकीपेक्षा जास्त निघाली. दुर्बिणीच्या तपासणीनं तेच सांगितलं.

(दृश्य : आई मापट्यानं शाळू मोजून घरघंटीत ओततेय. मुलगी बाजूला उभी.)

“मम्मी, एकच मापटं असतंय की.”

“दोन लागतील आता,” आई म्हणते, आणि दुसरं मापटं भरते.