प्रश्न तिसऱ्याला सांगताना

(नाशिकचं सातपूर, संध्याकाळ. दुचाकींची गर्दी. मग गल्ली, वर्गाचं दार.)

औद्योगिक वसाहतीतली शिफ्ट सुटली आहे. याच वेळी सातपूरच्या या गल्लीत इंग्रजीचा वर्ग भरतो.

(तीन मुली उभ्या.)

पहिली दुसरीला विचारते, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ तिसरी लांब आहे, तिला ऐकू गेलं नाही. मॅडम म्हणतात, काय विचारलं ते तिला सांग.

‘शी आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह.’

ही मुलगी ढ नाही. ती मराठीशी प्रामाणिक आहे. ‘तिनं विचारलं की मी कुठे राहते’ यातला ‘की’ इंग्रजीत ‘दॅट’ होऊन आला. विचारून झालं तरी मराठीत ‘राहते’ वर्तमानातच राहतं, म्हणून तिचं ‘लिव्ह’ही तसंच राहिलं. आणि ‘डू’ तर मूळ प्रश्नातच होता, तो कशाला काढायचा?

(फळा, जवळून. डस्टर.)

मॅडम आधी ‘दॅट’ पुसतात. मग ‘डू’. उरतं ‘व्हेअर आय लिव्ह’: कर्ता आधी, क्रियापद नंतर, साध्या विधानासारखं. प्रश्नचिन्हही जातं. काळाला हात लागतो तो सगळ्यात शेवटी. ‘आस्क्ड’ भूतकाळी, म्हणून ‘लिव्ह’चं ‘लिव्ह्ड’.

आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते या क्रमासाठी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी नववीत हे वाक्य अडतं. कारण तास जातो तक्ता पाठ करण्यात: ‘इज’चं ‘वॉज’, ‘हॅव’चं ‘हॅड’, ‘विल’चं ‘वुड’. खरं तर काळाच्या बाबतीत इंग्रजी थोडी सूट देते. घर अजून तिथंच असेल तर ‘आस्क्ड’नंतरही ‘व्हेअर आय लिव्ह’ चालतं. सुरुवातच ‘शी वॉन्ट्स टू नो’ अशी वर्तमानात असेल, तर काळ बदलायचंच कारण नाही. प्रमाण इंग्रजीत सूट नाही ती शब्दक्रमाला. मग आधी तोच तोंडात बसायला नको का?

(पंचवटी, काळाराम मंदिराबाहेर. दोन मुलं, एक प्रवासी.)

रविवारी सराव बाहेर होतो. प्रवासी विचारतो, ‘इज द टेम्पल ओपन?’ इथे ‘व्हेअर’ नाही, ‘व्हाय’ नाही. उत्तर हो किंवा नाही. मराठीतला ‘का’ वाक्याच्या शेवटी बसतो, इंग्रजीला तिथं जोडणारा शब्द आधी लागतो, ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. मुलगा मागच्या मित्राकडे वळतो.

‘ही आस्क्ड इफ द टेम्पल वॉज ओपन.’

‘वॉज द टेम्पल’ नाही. ‘द टेम्पल वॉज’. न अडखळता.

(पुन्हा वर्ग. मुली जागा बदलतात.)

दहावीचे गुण, अंबडच्या कंपनीतली मुलाखत, साहेबांचा निरोप पुढे पोचवणं, हे वाक्य सगळीकडे लागतं. आता तिसरी मधे आली आहे. तिला विचारलं गेलंय, ‘हॅव यू ईटन?’

‘शी आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन.’