दारावरचा आकडा

[पहाट. मुंबईतला एक रस्ता. फुटपाथला लागून ताडपत्रीच्या झोपड्या.]

हे घर आहे. मागची भिंत गोदामाच्या कंपाउंडची, पुढं दोन बांबू, वर ताडपत्री, ती उडू नये म्हणून दगड. आत ताठ उभं राहता येत नाही. पत्र्याची एक पेटी, एक स्टोव्ह, चार भांडी. पेटीच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेची जुनी पावती.

तोडकामाची गाडी येतेय अशी कुणकुण लागली की इथल्या बायका आपलं घर आपणच सोडवायला घेतात. बांबू उपटायचे, ताडपत्रीची घडी घालायची, भांडी पोत्यात भरायची. गाडीवाल्यांनी तोडलं तर सामानही गाडीत जातं. आपण सोडवलं तर संध्याकाळी त्याच जागी तेच बांबू परत उभे राहतात, आणि रात्री चूल पेटते.

[जुनी छायाचित्रं. पावसाळी मुंबई.]

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवरच्या लोकांना उठवायचं आणि ज्याला त्याला आपापल्या गावी धाडायचं. भर पावसाळ्यात.

सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात एका मजुराची हकिकत नोंदलेली आहे. तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन माणूस. दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ मध्ये मुंबईला आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोजंदारीवर लागला, २३ रुपये रोज. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिकचा आडोसा मिळावा म्हणून झोपडीदादानं त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. हिशेब करा. शंभराहून जास्त दिवसांची मजुरी, एका आडोशासाठी. २३ जुलैला तो आडोसा पाडला आणि त्याला, बायकोला, तिन्ही मुलींना सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको आणि मुली गावी राहिल्या. तो परत आला, कारण काम मुंबईत होतं. आणि परत फुटपाथवरच राहिला.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात दाद मागितली. चार वर्षांनी, १० जुलै १९८५ रोजी, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य आजही पाठ असतं. फुटपाथवरच्या बायकांना मात्र त्याच निकालातली तारीख पाठ झाली. पालिकेला झोपड्या हटवण्याची मुभा होती. थांबायचं होतं ते पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत.

[रजिस्टरचं पान. हातानं आखलेले रकाने.]

हातात साडेतीन महिने. आणि मोठी अडचण अशी, की ही माणसं सरकारदरबारी नव्हतीच. १९७६ मध्ये सरकारनं झोपडपट्ट्यांची गणना केली, फोटोपास वाटले, म्हणजे झोपडीवासीयांची ओळखपत्रं. फुटपाथ त्या गणनेत धरलाच नव्हता. ज्याची मोजणी नाही, त्याला हटवताना कुणाला काही विचारावं लागत नाही.

मग मोजणी वस्तीनंच करायची ठरली. १९८४ मध्ये सुरू झालेली स्पार्क ही संस्था सोबत होती. सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद झाली. कुठून आलात, कधी आलात, काय काम करता, कामावर किती चालत जाता. कळलं ते असं, की ही माणसं वर्षानुवर्षं इथंच आहेत, चालत जाता येईल अशा अंतरावर काम करतात आणि शहराची सगळ्यात स्वस्त मजुरी पुरवतात. नोव्हेंबर उजाडला. ज्याचा धसका होता ते सरसकट तोडकाम झालं नाही.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मर्म त्या रजिस्टरमध्ये आहे. म्हणून कॅमेरा तिथं थोडा वेळ थांबू दे.

१९८६ मध्ये याच बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. रोजची बचत सुरू झाली, एक रुपया, दोन रुपये. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांचा हिशेब प्लास्टिकच्या पिशवीत असे, रंगीत कागदाच्या तुकड्यांत. या रंगाचा तुकडा म्हणजे एक रुपया, त्या रंगाचा म्हणजे दोन. मग त्यांनी घराचे नमुने उभे केले, खऱ्या मापाचे, बांबू आणि कापडाचे. छत १४ फुटांवर, म्हणजे पोटमाळा निघेल, मुलं वर निजतील. ज्यांना जन्मभर वाकून आत शिरावं लागलं, त्यांनी आधी उंची मागितली.

[दक्षिण आफ्रिका. पत्र्याच्या झोपड्यांची टेकडी.]

आता समुद्रापलीकडे. नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटून वर्ष झालेलं. मार्च १९९१ मध्ये ब्रूडरस्ट्रूम इथं दक्षिण आफ्रिकेतल्या झोपड्यांमधले पुढारी जमले. वर्णभेदाच्या राजवटीनं काळ्या माणसांच्या अख्ख्या वस्त्या बुलडोझरखाली घातल्या होत्या, आणि आता आपलं राज्य येणार, घरं मिळणार, अशी आशा होती. त्या सभेत मुंबईचा एक माणूस होता, जॉकिन अर्पुथम. चेंबूरजवळच्या जनता कॉलनीतला. ती सुमारे ७०,००० लोकांची वस्ती आणीबाणीत, १९७६ मध्ये उठवली गेली आणि लोकांना चीता कॅम्पला नेऊन टाकलं गेलं. स्वतःचं राज्य आल्यावरही घर कसं मोडतं, हे त्यानं अंगावर झेललं होतं. त्याचं सांगणं साधं होतं: राज्य बदलेल, पण घर आपसूक येणार नाही, आत्तापासून संघटना बांधा.

ऐकायला कडू होतं. पण तिथून येणं-जाणं सुरू झालं. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका, ज्यांच्या स्वतःच्या घराला दार नव्हतं, पासपोर्ट काढून विमानात बसल्या. तिथल्या बायका मुंबईत आल्या, इथल्या घरांत जेवल्या. भाषा एकमेकींना येत नव्हती. मोजणी कशी करतात ते मात्र हातानं दाखवता येतं: गल्लीच्या टोकापासून सुरू करायचं, एकही घर सोडायचं नाही, दारावर खडूनं आकडा घालायचा, आणि माहिती आधी वस्तीला वाचून दाखवायची. बचतीची रीत तिकडे पोचली, कापडी घरांचे नमुने पोचले. तिकडच्या संघटनेची घोषणा होती, ‘अमांदला, इमाली नोल्वाझी’. ताकद म्हणजे पैसा आणि माहिती. १९९६ मध्ये या साऱ्यांतून झोपडीवासीयांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं.

[रेल्वेरूळ. दोन्ही बाजूंना खुणा.]

रुळांकाठच्या लोकांची गोष्टही अशीच प्रवासाला गेली. मुंबईत लोकल वाढवायच्या तर रुळांकाठच्या झोपड्या हलवणं भाग होतं. १७,००० हून जास्त कुटुंबांचं पुनर्वसन झालं, याद्या करण्यात वस्त्यांचा हात होता. पुढं नैरोबीत, किबेरा या झोपडपट्टीतल्या रुळांकाठी तोच प्रश्न उभा राहिला, तेव्हा केनियाचे रेल्वे अधिकारी आणि वस्तीतली माणसं हे बघायला मुंबईत आली. त्यांना मानखुर्दच्या इमारतीही दिसल्या असतील, एकमेकींना खेटून उभ्या, उजेड-वाऱ्याला पारख्या. पुनर्वसन झालं म्हणजे सगळं भलं झालं, असं मी म्हणणार नाही.

आणि मोजणीनं प्रत्येक बुलडोझर थांबत नाही. २००४ च्या डिसेंबरपासून दोन-तीन महिन्यांत मुंबईतच ८०,००० हून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या. २००५ मध्येच झिंबाब्वेच्या सरकारनं ‘मुरांबात्स्विना’ मोहीम काढली. शोना भाषेत अर्थ, घाण साफ करा. माणसांना घाण म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या दूत ॲना तिबाइजुका यांच्या अहवालानुसार सुमारे ७ लाख लोकांचं घर गेलं, रोजगार गेला किंवा दोन्ही.

२००७ मध्ये घरं पाडण्याबद्दल संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आली, घराच्या हक्काचे विशेष प्रतिनिधी मिलून कोठारी या भारतीयाच्या कारकिर्दीत. त्यात लिहिलंय: रात्री घर पाडू नये, वाईट हवामानात पाडू नये, सणात नाही, निवडणुकीच्या तोंडावर नाही, मुलांच्या परीक्षेच्या आधी नाही. हे लिहिणाऱ्याला वस्ती ठाऊक होती. दहावीच्या पोरीचं दप्तर ढिगाऱ्याखाली जातं तेव्हा काय होतं, ते त्याला ठाऊक होतं.

[सर्वोच्च न्यायालयाची इमारत, लांबून.]

१३ नोव्हेंबर २०२४. सर्वोच्च न्यायालयानं बुलडोझरबद्दल निकाल दिला. १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय, म्हणणं ऐकल्याशिवाय घर पाडायचं नाही. खंडपीठावर अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. निकाल मोलाचा आहे, मी तो उभ्या उभ्या वाचून काढला. त्यातच पुढं येतं, की रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे लागू नाही.

म्हणजे गेली काही मिनिटं आपण ज्यांना बघतोय, त्यांना.

[तोच रस्ता. दुपार. एक बाई रजिस्टर घेऊन एका झोपडीसमोर उकिडवी बसलेली.]

घर क्रमांक. माणसं किती. बाया किती, लेकरं किती.

“आणि ताई, तुम्ही इथं कधी आलात?”